कोरडी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी नळी आहे. उताराच्या पायथ्याशी दगडी भिंत आहे, तिच्यात मी आरपार बसले आहे.

मला बसवलं एका म्हाताऱ्या गवंड्याने. माझ्या मागे खडी भरताना तो लेकीला म्हणाला, "पोरी, माती अडवायची, पाणी नाही. पाण्याला वाट द्यायची."

खरंच होतं ते. इथली माती चिकण आहे. तिच्या कणांमध्ये पाणी साठलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओझं वाढतं. मी ते पाणी बाहेर सोडायची. असे वीस पावसाळे गेले.

गवंडी वारला. लेक आता भिंतीसमोरच्या खोलीत शिवणकाम करते. यंदा वरच्या अंगाला गाड्या लावायला कुणीतरी झाडं तोडली. माती धरणारी मुळं गेली. माझ्यातून गढूळ पाणी येऊ लागलं आणि तिच्या दोरीवरच्या पांढऱ्या गणवेशांवर उडालं.

तिने भावाला बोलावलं. तोही गवंडीच. "दादा, बुजव बाई ही मोरी एकदाची!"

"बाबांनी काहीतरी विचार करूनच ठेवली असेल गं."

"डाग काढायला बाबा येणारेत का?"

तो हसला आणि माझ्या तोंडात सिमेंट ठासलं.

आज पावसाचा चौथा दिवस. भिंत बाहेरून ठणठणीत कोरडी आहे. "बघ, कशी छान झाली!" असं ती शेजारणीला सांगते. मित्रांनो, आत पाणी माझ्या डोक्यावर पुरुषभर चढलं आहे. भिंतीला चार बोटं पोट आलं आहे. अंगणातल्या फरशा खालून उचलल्या गेल्या आहेत आणि खोलीच्या दाराची चौकट तिरकी झाली आहे.

दार लागेना, म्हणून तिने पुन्हा भावाला बोलावलं.

"लाकूड फुगलंय पावसाने," तो म्हणाला. "दोन हात रंधा मारला की झालं."

आता तो पाठमोरा बसून रंधा मारतो आहे. ती आत मशीन चालवते आहे. माझ्या मागची खडी सरकू लागली आहे.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. त्याला हाक मारा. म्हणावं, दार सोड, बहिणीला बाहेर काढ आणि पळा.