रिकाम्या होडीचं वजन

होडी घेतली तेव्हा तिचं वजन एकशे बारा किलो होतं. हा अंदाज नव्हे. रामगढहून टेम्पोतून आणलेली होडी बाबांनी घरी नेण्याआधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काट्यावर चढवली होती. बाबा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या दुरुस्तीवर, फिटर होते. ज्या डब्याच्या अंगावर त्याचं रिकामं वजन आणि मागच्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली नाही, तो डबा त्यांच्या लेखी डबाच नव्हे. दुसऱ्याच दिवशी क्वार्टरच्या अंगणात बसून त्यांनी होडीच्या उजव्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहिलं: ‘रिकामी ११२ कि. दि. १३-२-८३.’

आधीच्या वर्षी एशियाडच्या नौकांच्या शर्यती रामगढच्या तलावावर झाल्या होत्या आणि आम्ही डबे बांधून त्या बघायला गेलो होतो. बाबा दिवसभर पाण्याकडे बघत राहिले. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, “पाण्यावर एवढी मोकळी जागा असते, मला माहीतच नव्हतं.” कोकणात खाडीकाठी जन्मून नोकरीसाठी या वाळवंटाकडच्या मुलखात आलेल्या माणसानं हे म्हणावं याचं मला नवल वाटलं. पुढे तलावाकाठच्या एका लॉजवाल्यानं आपल्या भाड्याच्या होड्या विकायला काढल्या आणि त्यांतली एक आमची झाली. तेरा फूट लांब, लाकडी, दोन वल्ह्यांची.

पहिला उन्हाळा फार चांगला गेला. महिन्यातून एका रविवारी बसनं जायचं, रंगवून परत नेऊन तलावावरच्या चौकीदार भंवरजीकडे ठेवलेली होडी पाण्यात ढकलायची आणि कुठंही जायचं नाही. आई पाण्यात हात सोडून बसे. घरी तिला मी कधी नुसती बसलेली पाहिली नव्हती. पाणकावळे पंख पसरून दगडांवर वाळत असत. वल्ही थांबवली तरी होडी किती वेळ पुढे सरकत राहते ते मी घड्याळ लावून मोजत असे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मोजण्यासारखं काही दिसलं की मोजत होते.

“आक्काला बसवायचं यात,” बाबा दर खेपेला म्हणत. “मधोमध.”

आक्का म्हणजे माझी आत्या, आक्काबाई, बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. गावी एकटीच राहायची. मधोमध का, ते मला आईनं सांगितलं. बाबा सहा वर्षांचे असताना तापानं फणफणले होते आणि आक्का त्यांना कडेवर घेऊन खाडीपलीकडच्या डॉक्टरकडे निघाली होती. होडीत जाऊन बसली. होडीवाला म्हणाला, “उतरा, माणसं आलीत.” ती उतरली. पुढच्या खेपेला बसली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या खेपेला बसू दिलं, तेही मागं, पाणी उपसायच्या जागेत. आम्ही माणसांत मोडत नव्हतो. ती हकिगत आईनं एवढ्याच शब्दांत सांगितली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

बाबांनी आत्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, यंदा भात आहे, पुढच्या साली येते. पुढच्या साली घराचं छप्पर निघालं, त्याच्या पुढच्या साली म्हैस व्याली. तिचं येणं लांबलं नसतं तर होडी पहिल्यासारखीच राहिली असती असं मला वाटतं. पण बाबांना वेळ मिळाला, आणि वेळ मिळालेला फिटर गप्प बसत नाही.

पहिल्यांदा तळ झाला. लाकडाच्या फळ्या पायाखाली लवतात, आत्या घाबरेल, म्हणून. शहरातल्या सोडाला भागातल्या कबाड्याकडून चार मिलिमीटर जाडीचा चौकड्यांचा लोखंडी पत्रा आणला, खाली अँगलची चौकट, आणि चौकटीला पत्रा रिव्हेटनं ठोकला. चौसष्ट रिव्हेट. पुन्हा टेम्पोनं घरी, पार्सल ऑफिस, काटा, पांढरा रंग: २०७.

“बाबा, बत्तीस किलोला एक सेंटिमीटर,” मी म्हणाले. पाण्याच्या पातळीला होडी जेवढी जागा व्यापते तिचं क्षेत्रफळ मी काढलं होतं. “तीन सेंटिमीटर खाली गेली ती.”

“तीन सेंटिमीटर म्हणजे केवढं? बोटाची दोन पेरं. आणि हलत नाही आता, बघितलंस?”

हे खरं होतं. वजन तळाशी गेल्यामुळे होडी खरोखरच कमी डोलत होती, आणि मला ते नाकारता येईना. अर्धी बरोबर असलेली माणसं पूर्ण चुकलेल्यांपेक्षा ऐकायला कठीण असतात.

“मग निदान नट-बोल्ट लावा. उद्या काढावं लागलं तर?”

“काढायचं असेल तर लावायचं कशाला? नट ढिला होतो, विभा. रिव्हेट मरेपर्यंत धरून ठेवतो. मतलब, डबा मोडेल पण रिव्हेट सुटणार नाही.”

पंचाऐंशी साली उन्हासाठी छप्पर आलं, पाइपचं, वर पत्रा: २४०. मग पहिल्या वर्गाच्या मोडीत निघालेल्या डब्यातलं सागवानी बाक, पाठ टेकायला गादीसकट, बरोब्बर मध्यावर: २६४. छप्पर आल्यावर वारा होडीला बाजूला ढकलू लागला आणि वल्ह्यांनी ती आवरेना, म्हणून शहाऐंशीच्या मार्चमध्ये मागं लावायचं जुनं इंजिन: २९०. सुधारणांचं असं असतं. प्रत्येक सुधारणा पुढच्या सुधारणेची गरज घेऊन येते. इंजिन आल्यावर आईनं पाण्यात हात सोडणं बंद केलं. “तेलाचा वास येतो हाताला,” ती म्हणाली. पण बाबांना नाही म्हणाली, मला म्हणाली.

इकडे पाऊस तीन वर्षं नीट झालाच नव्हता. बांधाजवळ पाण्यात एक आकडे रंगवलेला खांब होता, दर खेपेला मी तो वाचून वहीत लिहीत असे. चार वर्षांत त्याचे सोळा फूट उघडे पडले. तलाव खाली येत होता आणि होडी पाण्यात खोल जात होती. पहिली गोष्ट फुटांत होती, दुसरी सेंटिमीटरमध्ये, म्हणून बाबांना त्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध वाटत नसे. मी वही दाखवली. बाबांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, “अक्षर चांगलं आहे,” म्हणाले, आणि वही परत दिली.

त्याच वर्षी डिसेंबरात भात झोडून झालं आणि आत्या आली. तीन गाड्या बदलून, तांदळाचं गाठोडं आणि सुक्या मासळीचा डबा घेऊन. फलाटावर “जयभीम” म्हणून झालं आणि तिनं बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला. “काय रे उत्तम, म्हातारा झालास की!” मग वजनाच्या यंत्राचे लाल-पिवळे दिवे पाहून तिथंच थबकली. मी नाणं टाकलं. तिकीट आलं: ७१ किलो.

“म्हणजे चांगलं की वायट?” तिनं विचारलं.

“चांगलं, आत्या,” मी म्हणाले. पण मनात भागाकार झालाच. सव्वादोन सेंटिमीटर.

रविवारी ती वंदनेला नेसते ते पांढरं लुगडं नेसून तयार झाली. बाबांनी हत्यारांची पिशवी घेतली. ती नेहमीचीच. आईनं भाकऱ्या बांधल्या. रामगढला उतरलो तर पाणी काठापासून आणखी लांब गेलेलं. भेगा पडलेल्या चिखलावरून भंवरजी आणि त्याच्या दोन भावांनी होडी ओढत नेली.

“साब, सीधे मत जाना,” भंवरजी म्हणाला. “बीच में टीबा है. पानी कम हो गया, ऊपर आ गया है.”

“इंजन है ना,” बाबा म्हणाले.

आत्यानं होडीला एक फेरी घातली. “ही होडी का आगगाडी रे?”

“बसून तर बघ.”

त्यांनी तिचा हात धरून तिला चढवलं आणि बाकावर बसवलं. ती पाठ टेकेना. मग टेकली. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिनं समोर बघितलं, आणि बाबांनी तिच्याकडे. इंजिन चालू झालं. काठ मागं सरकू लागला. आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला, जशी एखादी बाई फोटोसाठी करते. मी सेकंद मोजत होते. साठाच्या आत, काठापासून चाळीस-पन्नास मीटरवर, होडी मऊ काहीतरी घासत वर चढल्यासारखी झाली आणि थांबली.

“टेकली,” आत्या म्हणाली. बाकी कुणी काही म्हणायच्या आत.

बाबांनी इंजिन उलटं चालवून पाहिलं, नुसता चिखल उसळला. ते पाण्यात उतरले, मांडीपर्यंत पाणी. मी उतरले, आई साडी खोचून उतरली. आमचे तिघांचे मिळून एकशे त्रेसष्ट किलो कमी झाले, होडीचं मागचं टोक तरंगलंही, पण पोट भंवरजीच्या टीब्यावर, गाळाच्या टेकाडावरच. ढकलायला पायाखाली घट्ट काही हवं. जोर लावला की आम्हीच खाली जात होतो. मी काठीवर खूण करून पुढं-मागं मोजलं. अजून सुमारे दोन सेंटिमीटर वर यायला हवी होती.

दोन सेंटिमीटर. चौसष्ट किलो. होडीत एकटी आत्या होती.

हे बाबांनाही कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

भंवरजी पाणी कापत आला. त्यानं एकदा होडीकडे, एकदा आत्याकडे बघितलं. “साब, माजी को उतार दो. अभी निकल जाएगी.”

“नहीं,” बाबा म्हणाले.

“अरे घुटनों तक ही तो पानी है टीबे पे...”

“नहीं कहा ना!”

आत्यानं आईला विचारलं, “काय म्हणतो गो तो?”

“काही नाही वन्सं. पाणी थंड आहे म्हणतो.”

“उतरा म्हणतो. तेवढं कळतं मला. तो शब्द कुठल्याही मुलखात कळतो.” ती उठायला लागली. “थांब, उतरते मी. खाडीत जन्म गेला माझा, चिखलाचं काय कवतिक?”

“बस!” बाबा ओरडले. मोठ्या बहिणीवर ते ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. तिनंही नसावं, कारण ती लगेच बसली. “बस तू,” मग ते हळू म्हणाले. “मी करतो काहीतरी.”

ट्रॅक्टर गाळात रुतेल आणि उंट पाण्यात येणार नाही, असं भंवरजीनं सांगितलं. मग बाबांनी वजन उतरवायला घेतलं. इंजिन सोडून त्यांनी खांद्यावरून काठावर पोचवलं, तेलाचा डबा, वल्ही, भाकऱ्यांचं गाठोडंसुद्धा. त्यानं सव्वा सेंटिमीटर मिळालं, जास्त नाही. बाक काढता येत नव्हतं, त्यावर ती होती. छप्पर रिव्हेटचं. तळ रिव्हेटचा. तळ निघाला असता तर भरपूर झालं असतं.

बाबांनी पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढला. होडीत चढले नाहीत, स्वतःचं वजन नको म्हणून. बाहेर पाण्यात उभे राहून, कडेवरून आत वाकून त्यांनी पहिल्या रिव्हेटच्या डोक्याला छिन्नी लावली. घाव बसला की सगळी होडी झणझणे आणि आत्याचे दात वाजत. एका रिव्हेटला बारा-तेरा मिनिटं लागली. तासाभरात पाच निघाले. मी वजनाचा हिशेब करून पाहिला, पण करण्यासारखं काही नव्हतं. पत्रा सैल व्हायला सगळेच निघायला हवेत. शेवटचा सुटेपर्यंत वजन तेवढंच राहतं.

आई काठावर जाऊन बसली. भंवरजी बिडी ओढत लांबून बघत होता. वारा सुटला होता, आत्यानं पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला. बाबा पलीकडच्या कोपऱ्यात वाकलेले असताना तिनं मला जवळ बोलावलं.

“बाय, मी उतरले तर निघंल ना गो होडी?”

मला खोटं सांगता आलं नाही. “निघेल, आत्या.”

“मग त्याला सांग की. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकंल.”

“नाही ऐकणार.”

“मग मीच उतरू गुपचूप?”

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातावरून रक्त येत होतं. छिन्नी निसटली असावी, त्यांनी बघितलंही नव्हतं. आत्यानंही तिकडे बघितलं आणि पुन्हा मागं टेकून बसली. ती आता आरामात बसली नव्हती, नुसती बसून राहिली होती.

बाबा पाणी तुडवत आमच्या बाजूला आले. पुढचा रिव्हेट बाकाखाली होता, तिच्या पावलांशी. आत्यानं त्यांना न विचारता दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले आणि लुगड्यात गुंडाळले, म्हणजे त्यांचा हात पोचावा.

“विभा, छिन्नी धर,” बाबा म्हणाले. “किती राहिले?”

“एकोणसाठ,” मी म्हणाले, आणि छिन्नी धरली.