चोरखिशावरची पिन

मी एक सेफ्टी पिन बोलतेय. जरा हळूच बोलते, कोण कान देऊन ऐकत असेल याचा काही नेम नाही.

एका पुठ्ठ्यावर आम्ही बारा बहिणी होतो. बाकीच्या ओढण्यांना, पडद्यांना लागल्या. माझ्या वाट्याला आला काकूंचा चोरखिसा. परदेशी जायचं म्हणून काकांनी तो जाड कॅनव्हासचा करून घेतला आणि काकूंच्या शर्टाखालच्या बनियनला, पोटाशी, दुहेरी टाके घालून शिवला. आत दोघांचे पासपोर्ट आणि तोंडावर मी.

काका जन्मभर वायरमन. पक्कड घेतल्याशिवाय कोपऱ्यावरसुद्धा जात नाहीत. परक्या गावातल्या लॉजच्या खोलीत, बोटीच्या दिवशी सकाळी, त्यांनी त्या पकडीनं माझी टोपी करकचून आवळली.

"आता उघडून दाखवू दे चोराला!"

"अहो, पण मला उघडायची झाली तर?"

"ते बघू गं नंतर."

मी तर फुशारलेच. पण काकूंचं लक्ष कशातच नव्हतं. धाकट्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. "त्याआधी एकदा तिला जवळ घेऊ दे," एवढंच त्या घोकत होत्या. आणि तिच्या गावाला बोट दिवसातून एकच.

धक्क्यावर शर्टाच्या फटीतून मी एकेकाला पारखायला लागले. उगाच हसणारा तो टोपीवाला? चोर. वेळ विचारणारी ती पोरगी? तीही त्यातलीच. पण सगळ्यात वाईट ती सफाईवाली बाई. झाडू एकीकडे आणि डोळे काकूंकडे! काकू बाकावरून उठल्या तशी ती मागोमाग निघाली. म्हटलं, आता आपली खरी परीक्षा.

तिकीट खिडकीवरच्या माणसानं पासपोर्ट मागितले. काकू घाईघाईनं बायकांच्या स्वच्छतागृहात शिरल्या, शर्ट वर केला आणि मला ओढायला लागल्या. मी कशाला हलतेय! नखं तुटली, कॅनव्हास काही फाटेना. त्यांनी दारातून हाक मारली, "अहो, पक्कड द्या!"

"ती मोठ्या बॅगेत गं!" बाहेरून काकांचा रडवेला आवाज आला. बॅग तर मघाशीच बोटीवर चढवली होती.

बोटीचा भोंगा झाला. काकू बेसिनला धरून रडायला लागल्या. "इथवर येऊन भेट नाही का व्हायची माझी?"

तेवढ्यात ती बाई आत आली. काकूंनी पोट दोन्ही हातांनी झाकलं. "नको, नको!"

बाईच्या हातात काकूंचा चष्मा होता, बाकावर विसरलेला. तो तिनं बेसिनवर ठेवला, रिकामे तळवे दाखवले आणि माझ्याकडे बोट केलं. भाषा कळत नव्हती, पण काकूंनी हात बाजूला घेतले. बाईनं कमरेची किल्ली माझ्यात अडकवून जोर लावला. मेली लुटारू! मी होती नव्हती ती ताकद लावून तिच्या बोटात घुसले. रक्त आलं. तिनं दात आवळले, पण किल्ली सोडली नाही. मी उघडले.

काकूंनी तिला मिठी मारली आणि चष्मा, पासपोर्ट घेऊन पळत सुटल्या. मी बाईच्या मुठीत होते. काका-काकू धापा टाकत बोटीवर चढले, ते मी स्वच्छतागृहाच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

बाईनं मला ठोकून सरळ केलं. आता मी तिच्या एप्रनच्या फाटक्या खिशाला लागलेय. प्रवाशांनी विसरलेल्या किल्ल्या, कानातले, लहान मुलाचा एखादा बूट, सगळं ऑफिसात जमा होईपर्यंत याच खिशात असतं. कधी मालक समोरच भेटतो. वस्तू घेतो, तिच्यादेखत उलटसुलट करून तपासतो आणि तिच्याकडे तिरकं बघतो. ती रिकामे तळवे पुढे धरून उभी राहते.

ती नजर मी ओळखते. सामान जपा, बाबांनो, तपासाही. पण ती काही घेत नाही हो. मी तिच्याच खिशावर असते.