माझ्या पोटातलं खोटं गाव

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. सांगलीच्या विश्रामबागेत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत राहतो. नाव भारदस्त असलं तरी काम एकच, खोटं बोलणं! आणि ते मी मन लावून करतो.

माझ्या पोटात एक गाव आहे. त्यात घरं, पिठाची गिरणी, उसाला पाणी देणाऱ्या मोटारी, सगळं आहे, पण नुसतं आकड्यांचं. विजेच्या स्मार्ट रोहित्राला हुकूम देणारी पेटी मला जोडतात. पेटी खरी, गाव खोटं. तिला वाटतं, आपण खऱ्याच गावाला वीज देतोय. मग मी तारा तोडतो, वीज घालवतो. पेटी चुकली तरी कुणाचं काही जळत नाही. मी नवा होतो तेव्हा लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. आता डोक्यावर चहाचे कप ठेवतात. असो.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या संशोधक दीपमालाने अशीच एक पेटी आणली. विट्याजवळच्या तिच्या गावातलं रोहित्र, म्हणजे डीपी, सारखं जळायचं आणि ऊस करपायचा. आता तिथे स्मार्ट रोहित्र बसलं होतं, फक्त पेटी जायची होती. माझ्या सगळ्या परीक्षा पेटी पास झाली. दीपमालाचे चुलते आकारामतात्या जीप घेऊन आले. त्यांनी पेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला.

"तात्या, तुमच्या मोटारीला ऑटो हाय?" दीपमालाने सहज विचारलं.

"हाय की! लाइट आली की आपसूक चालू. दर बारीला रानात कोण पळणार? गावात समद्यांनीच बसवलाय."

तिचा चेहरा उतरला. माझ्या गावातल्या मोटारी शहाण्यासारख्या एकेक करून सुरू व्हायच्या. तिने त्या सगळ्यांना ऑटो बसवला. मी वीज घालवून परत आणली. मोटारी एकदम उठल्या, सगळ्यांचा भार एकाच वेळी पडला आणि माझ्या पोटातलं रोहित्र जळालं.

"पेटी न्हाई देत, तात्या."

"आगं, नारळ फोडलाय! ऊस वाळाय लागलाय, गावाला काय सांगू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पेटी दिली नाही. तात्या रिकामी जीप घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं.

मग दीपमाला आणि तिचा सहकारी मुकुल पेटीला पंगतीत वाढायला शिकवू लागले. वीज आली की आधी एका ओळीला द्यायची, ती सुरळीत झाली की दुसरीला. मी काडीची दया दाखवली नाही, पुन्हा पुन्हा नापास केलं. शेवटी एका सकाळी सगळ्या मोटारी फिरल्या आणि रोहित्र शांत राहिलं.

पेटी गावाला गेली. काही दिवसांनी तात्यांचा फोन आला. दीपमालाने तो माझ्याशेजारीच स्पीकरवर लावला.

"पोरी, लाइट जाऊन आली. आदी वरच्या रानातल्या मोटारी, मग आमच्या. डीपी गार हाय बग!"

त्यांच्यामागे पाटात पाणी पडत होतं. जन्मभर मी मोटारी चालवल्या, पण पाण्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

म्हणून मित्रांनो, माझ्या डोक्यावर कप ठेवू नका, पंख्यातली धूळ तेवढी पुसत जा. आणि आपापल्या गावाच्या खोडी मला न लाजता सांगा. काय जळायचं ते माझ्या पोटात जळू दे, तुमच्या रानात नको.