टाचांची अक्षरं

"हा घे कागद, आणि मला एक ढ काढून दे."

"शाळेत ढ तर तूच होतीस," मावशी म्हणाली. अर्धांगवायूच्या झटक्याने तिचा उजवा हात जाऊन वर्ष झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

मावशी दुकानांच्या काचांवर नावं लिहायची. तिची अक्षरं मोठी थाटाची. उभ्या रेघा भरदार, आडव्या केसासारख्या बारीक, प्रत्येक दांडीच्या पायाला छोटीशी टाच. अत्तरवाल्याला, शिंप्याला, फोटो स्टुडिओला ती अशी शोभायची की माणूस दारातच केस सारखे करायचा. औषधवाल्यानेही हीच अक्षरं मागितली, तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. "तुझ्याकडे लोक ताप घेऊन येतात, नटूनथटून नाही," असं तोंडावर सुनावून त्याला साधी, ठसठशीत अक्षरं करून दिली. मला तिचा अभिमान वाटतो तो यासाठीच.

आता एकेक काच निघत होती आणि तिथे प्लास्टिकचे दिवेवाले बोर्ड लागत होते. म्हणून मी उरलेल्या सगळ्या काचांचे फोटो काढले आणि त्यांवरून कॉम्प्युटरसाठी तिच्या अक्षरांचा फॉन्ट करायला बसले. बाकी सगळं जमलं, ढ तेवढा मिळेना. कुठल्या दुकानाला तो लागलाच नव्हता. मी मनाने काढून पाहिला, पण तो बिनबोलावता जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा.

मावशीने आजारपणानंतर ब्रश हातात धरला नव्हता. "गेला तो हात," एवढंच म्हणायची. आज मात्र तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ओठ घट्ट मिटून ब्रश कागदावर टेकवला. रेघ थरथरत वळली, पोटाशी फुगली, शेवटी बारीक झाली.

अक्षर उलटं होतं.

झटक्याने हिची अक्षरंही नेली की काय?

"चुकलं का गं?"

"छे! छान आलंय."

"थापा मारू नकोस. तोंड बघ आरशात." तिने कागद हातात घेतला. बराच वेळ पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. "अगं, खिडकीपाशी धर. मागच्या बाजूने बघ."

मी कागद उजेडात धरून उलटवला. पलीकडून ढ सरळ उभा होता, ऐटबाज. पावसाने रंग जाऊ नये म्हणून काच आतून रंगवतात. जन्मभर मावशी दुकानाच्या आत उभी राहून उलटं लिहीत आली आणि बाहेरचे लोक सरळ वाचत आले. हात तेच करून मोकळा झाला होता. मला रडू आवरेना.

"रडतेस काय? ती थरथर काढून टाक आधी."

"राहू दे ना मावशी. तुझी आठवण."

"गिऱ्हाइकाला माझं दुखणं कशाला दाखवायचं?"

मी ढ सरळ करून कॉम्प्युटरवर घेतला आणि थरथर काढली. तिने शेजारी बसून पोट दोनदा कमी करायला लावलं, शेपूट एकदा लांब करायला लावलं आणि मग कुठे मान डोलावली. ढ बाकीच्या अक्षरांत जाऊन बसला.

"आता तू दाब," मी कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

तिने डाव्या हाताचं बोट हळूच टेकवलं. पडद्यावर ढ उमटला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ओळ भरली, दुसरी सुरू झाली, तरी तिचं बोट उठेना.