धरून ठेवलेला श्वास

गव्हाच्या कोठीत कुंदाने कोपरापर्यंत हात घातला, तर गव्हाऐवजी हाती वाळूची पिशवी लागली. मग दुसरी. जुन्या लुगड्याच्या, घट्ट टाके घातलेल्या, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या. टाके तिचेच होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"आत्याबाई, गहूमा वाळू कशी काय?"

शेवंताबाई, तिची सासू, परसातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "उंदरंसनी आनी व्हई," त्या म्हणाल्या. मान मात्र वळवली नाही.

एरवी कुंदा पोट धरून हसली असती. पण महिनाभर हीच बाई 'सकाळचा व्यायाम झाला हो' असं रोज बिनदिक्कत सांगत होती, आणि व्यायामात उचलायच्या पिशव्या गव्हात झोपल्या होत्या.

शेवंताबाई म्हणजे मांडे, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नसे. पुरण भरलेला कणकेचा गोळा लाटणं न लावता दोन्ही हातांवर झेलत पसरायचा, कोपरापर्यंत आला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. लग्न असो की आखाजीचा सण, चाळीस वर्षं त्यांच्या तोंडासमोर धूर होता. त्या धुराने छाती कधी खाल्ली ते कळलं नाही. धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. फुप्फुसं नवी होणार नाहीत. पण चूल कायमची सोडली, रोज चाललात, हातांचा व्यायाम केला आणि दोन महिने दर मंगळवारी इथे आलात, तर उरलेल्या श्वासात नीट जगता येईल. सोडलंत तर बाज सुटणार नाही.

शेवंताबाई तीन मंगळवार गेल्या. चौथ्याला पाय दुखले, पाचव्याला एस.टी. चुकली, सहाव्याला कारण सांगायचाही त्यांना कंटाळा आला.

कुंदाच्या मनाला पिशव्यांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. ही बाई मुलखाची चौकस. कंडक्टरला मुली किती, शेजारच्या रेडिओत इतका खरखराट कशाने, अमक्याची म्हैस आटली कशी, सगळं हिला हवं असायचं. गेल्या महिनाभरात तिने कुणाला काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. त्या गप्प बसण्याची कुंदाला खोकल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. पुढच्या मंगळवारी कुंदाने पिशव्या पदराखाली घेतल्या आणि सासूला हाताला धरून एस.टी.त बसवलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या लताबाई होत्या, तिकडे कोल्हापूरकडच्या. त्या रागावतील अशी शेवंताबाईंनी मनाची तयारी केली होती, पण त्यांनी भलतंच विचारलं. तुमच्या मांड्यांचं नाव आहे म्हणे, पण मांडे म्हणजे काय हो, मी कधी पाहिलेच नाहीत. शेवंताबाईंनी सांगून पाहिलं. लताबाईंना काही उमजेना, तेव्हा त्यांनी ओला पंचा घडी करून पुढे केला आणि करूनच दाखवा म्हणाल्या.

शेवंताबाईंनी पंचा घेतला आणि हात आपोआप चालू लागले. या हातावरून त्या हातावर, पसरत, फिरवत. शेवटी हात खांद्याच्या वर गेले, पंचा जिथे खापर असायचं तिथे, जमिनीवर पडला आणि त्या धापा टाकत खुर्चीत बसल्या.

लताबाई पंच्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर छातीवर होती.

"बाई, एवढा वेळ तुम्ही श्वास कुठे ठेवला होता?"

शेवंताबाई गोंधळल्या. मग आठवून म्हणाल्या, "मनी माय सांगे, मांडा हातवर शे तवलोंग श्वास सोडानं नाव लेऊ नको. श्वास सोडा तं हात हालस, मांडा फाटस. आनि धूरबी आत जास."

चाळीस वर्षांची सवय होती ती. हात वर गेले की श्वास बंद. पिशव्या उचलतानाही तेच झालं होतं. घरी तिसऱ्या आठवड्यात एकदा पिशव्या डोक्यावर गेल्या आणि श्वास आतच अडकला. अंगणात बसकण मारून त्या किती तरी वेळ नुसत्या आ वासत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी पिशव्यांना हात लावला नव्हता. लताबाईंनी समजावलं की तुमच्या छातीत जुनी हवाच कोंडून राहते, ती गेल्याशिवाय नवीला जागा कुठली? हात वर जाताना ओठ गोल करून सावकाश सोडायची, खाली येताना घ्यायची.

मग झोप लागते का, रडू येतं का, हेही त्यांनी विचारलं. "मी येडी नही शे," शेवंताबाई पटकन म्हणाल्या. लताबाई म्हणाल्या की वेडाचं कोण म्हणतंय, भीतीने श्वास तोकडा होतो आणि तोकड्या श्वासाने भीती वाढते, म्हणून तिचीही चौकशी करावी लागते.

शेवंताबाईंनी पडलेला ओला पंचा उचलून पिळला.

"बाई, माले वाटस आते गयी. रोज वाटस. घरमा कोनलेच सांगं नही. चूल गयी तं मी काय कामनी?"

दाराशी उभ्या असलेल्या कुंदाने हे ऐकलं. तिचे डोळे भरून आले. एका घरात राहून सासूच्या या रोजच्या मरणभीतीतलं तिला काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन दिवस व्यायाम व्हायचा, तिसऱ्या दिवशी शेवंताबाई पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायच्या. अशा दिवशी कुंदा स्वतःच पिशव्या घेऊन अंगणात उभी राहायची, आणि मुद्दाम श्वास चुकवायची. थोड्या वेळाने पांघरुणातून आवाज यायचा की आधी सोड, मग उचल. मंगळवार मात्र एकही चुकला नाही. एकदा परतताना शेवंताबाईंनी कंडक्टरला त्याचं गाव विचारलं, तेव्हा कुंदाने खिडकीबाहेर तोंड करून हसू लपवलं.

आखाजीला अंगणात चूल मांडली. वारा येत होता त्या बाजूला, चुलीपासून आठ-दहा हात दूर, शेवंताबाईंची बाज टाकली. खापरापाशी यंदा कुंदा. तिचा पहिला मांडा हातावरच फाटला, दुसरा खापराच्या कडेला लोंबकळला. शेवंताबाईंना बसवेना. त्या उठल्या, चुलीकडे दोन पावलं गेल्या आणि स्वतःच थांबल्या.

"गोळा आठे आन," त्या म्हणाल्या.

कुंदाने गोळा आणून दिला. शेवंताबाईंनी तो हातांवर घेतला. हात वर जाऊ लागले तसे ओठ गोल झाले. मायची ताकीद चाळीस वर्षांनी प्रथमच मोडत होती, आता हात हलणार, आता फाटणार, असं त्यांना क्षणोक्षणी वाटत होतं. सावकाश श्वास सुटत गेला आणि मांडा पसरत गेला. फाटला नाही. कुंदाने आपले दोन्ही हात त्यांच्या हातांखाली घातले, मांडा हातांवरून हातांवर गेला, आणि ती तो घेऊन चुलीकडे चालत गेली. शेवंताबाई तिथेच उभ्या राहिल्या, रिकामे हात तसेच पुढे धरून.

असे तीन झाले. चौथा कुंदाने एकटीनेच केला, आणि तो बरा जमला. शेवंताबाई बाजेवर टेकल्या. छाती भात्यासारखी चालत होती, पण भीती वाटत नव्हती.

खापरावरचा मांडा कडेने हळूहळू पांढऱ्याचा पिवळा झाला, मग मधून उचलला गेला आणि टम्म फुगला. आयुष्यभर खापराशी बसून त्यांनी तो धुरातून, पाणावल्या डोळ्यांनीच पाहिला होता. लांबून, स्वच्छ उजेडात असा कधीच नाही.

"कुंदा, मांडा दर वखत इतला फुगस का व?"

"तुम्हना तं याना पेक्षा जास्ती फुगे, आत्याबाई."

शेवंताबाईंनी ओठ गोल करून श्वास सोडला. कुंदाने पुढचा मांडा खापरावर टाकला, तेव्हा तो फुगताना नीट दिसावा म्हणून त्यांनी बाजेवरून मान जरा उंच केली.