दोन आजोबा आणि चावलेला सूर्य

"लेकीला आजोबा म्हण, रीतच आहे ती. पण आपल्याकडे खरेखुरे आजोबा, पनिलू, अजून जिवंत आहेत, ऊली. काम सांगताना तरी पोरीचं नाव घेत जा," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा ऊलीपिका नुसती हसली होती. तिचे आजोबा वारले आणि त्यांचं नाव तिच्या लेकीला, तुग्लिकला मिळालं. नाव त्यांचं, म्हणजे माणूसही तेच. पोरगी चार वर्षांची, शेंबडी, हट्टी. तरी ऊलीपिका तिला अहो-जाहोच करायची. "आजोबा, नाक पुसा." त्यात गोंधळ कसला व्हायचाय?

सूर्यग्रहणाच्या दिवशी सगळे गोठलेल्या समुद्रावर तंबू ठोकून होते. उत्तर कॅनडातल्या बाफिन बेटाच्या या टोकाला त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. शाळेनं कागदी चष्मे वाटले होते. ऊलीपिका दक्षिणेत कॉलेज करून आलेली. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळा आतून भाजतो आणि दुखतसुद्धा नाही, हे ती सकाळपासून दिसेल त्याला ऐकवत होती.

"वहिनी, सूर्यानं तुला पगारावर ठेवलंय का गं?" नणंद जीला म्हणाली.

तेवढ्यात तिच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसवलेलं तान्हं रडायला लागलं. त्याला पाजायला तंबूत शिरता शिरता ऊलीपिका ओरडली, "जीला, आजोबांना चष्मा लाव! आणि त्यांच्याजवळून हलू नकोस!"

जीला हलली नाही. तंबूच्या कापडातून ऊलीपिकाला तिचा आवाज येत होता, आणि म्हाताऱ्या पनिलूंचाही.

"अगं, यातून मला काहीच दिसत नाही!"

"सूर्याकडे बघा की आजोबा, माझ्याकडे काय बघताय!"

सगळे हसले. आत ऊलीपिकाही हसली. तिच्या काहीच लक्षात आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा उजेड राखाडी झाला होता. कुत्री गप्प बसली होती. सगळ्यांच्या माना वर. आणि जरा पलीकडे, घसरगाडीवर, तुग्लिक एकटीच बसलेली. डोळे बारीक केलेले, चष्मा नाही.

"आई, सूर्याला कुणीतरी चावलं."

ऊलीपिकानं धावत जाऊन तिच्या डोळ्यांवर हात धरला. मग ती जीलावर उलटली. "एक काम सांगितलं होतं तुला! पोरीची दृष्टी गेली तर तुझे डोळे काढून देणार आहेस का?"

"पण वहिनी, तू तर आजोबांना..." जीला थांबली. तिनं एकदा पनिलूंकडे बघितलं. त्यांच्या नाकावर तो कागदी चष्मा अजून तसाच होता. मग तिनं स्नोमोबाईल सुरू केली आणि निघून गेली. सासूबाईंनी ऊलीपिकाला चहा ओतून दिला, पण तिनं तो तसाच ठेवून पोरीला उचललं.

गावातल्या नर्सनं तुग्लिकचे डोळे तपासले. "बहुतेक भरून येईल. डोळ्यांचे डॉक्टर विमानानं येतील तेव्हा नक्की सांगता येईल." तंबूत परतल्यावर पोरगी भाकरी खायला बसली आणि म्हणाली, यावर ठिपका आहे. ऊलीपिकानं भाकरी उलटसुलट करून बघितली. ठिपका नव्हता.

जीला मात्र गावात नव्हती. मैत्रिणींकडे नव्हती. पोरीचे डोळे बरे होतीलही. पण सगळ्यांसमोर जे तोंडून गेलं, ते कसं बरं होणार? सांगितलेलंच तर तिनं केलं होतं.

चहाच्या वेळी किनाऱ्यावरचे सगळे तंबू रेडिओवर एकमेकांशी बोलतात. ऊलीपिकानं बटण दाबलं.

"ऐकताय ना सगळे? मी ऊलीपिका. दुपारी मी जीलाला नाही नाही ते बोलले. मी आजोबा म्हणाले, ती आजोबांपाशी बसली. चूक माझी आहे, तिची नाही. ती तुमच्या बाजूला आली असेल तर हातातलं ठेवा आणि जरा बाहेर जाऊन बघा. काही खाल्लंय का, विचारा. घरी जा असं म्हणू नका. फक्त ती कशी आहे ते बघा, आणि मला सांगा."