पडक्या खांद्याचा कोट

मी एक कोट बोलतोय. नेमका कुठला तुकडा बोलतोय ते विचारू नका. सहा तुकड्यांत माझं एकमत होत नाही.

मला शिवलं एका चिडक्या शिंप्यानं, एका ढोलवाल्यासाठी. वीस वर्षं ढोल गळ्यात अडकवून त्या बाबाचा डावा खांदा पार खाली उतरला होता.

"नीट उभा राहा की," शिंपी म्हणाला.

"नीटच उभाय."

"मग जमीन वाकडी असेल माझ्या दुकानाची."

तोंडानं तिखट, पण हातानं देवमाणूस. त्यानं माझ्या डाव्या खांद्यात गुपचूप कापसाचे तीन थर भरले, डावी बाही दोन बोटं लांब बेतली. रिकामा टांगला की मी असा वाकडा, की कुत्रंसुद्धा भुंकेल. पण ढोलवाला आत शिरला की दोघंही सरळ. पहिल्यांदा घालून तो घरी गेला तेव्हा बायको त्याला नुसती बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे उंच होतात होय?" शहाणा माणूस, त्यानं मला अंगातून काढून हलकेच खुंटीला लावलं. आणि पुढं जन्मभर जपलं.

तो गेला. पोरांना मी कुणालाच बसेना, म्हणून मला संग्रहालयाला देऊन टाकलं. तिथं जुने कपडे दुरुस्त करणारी एक बाई होती. तिला सगळे रफूताई म्हणत. तिनं खांद्यात हात घातला, कापूस चाचपला आणि हळूच म्हणाली, "पडका होता वाटतं बिचाऱ्याचा." मी ज्याला कळलो असं ते शेवटचं माणूस.

मग आली फॅशन डिझायनर. चष्मा डोळ्यांवर सोडून डोक्यावर, त्यामुळे दिसायचं ते दिसलं नाही. मला टांगलेला पाहून ती धावतच जवळ आली. "हा तिरकेपणा बघा. त्या काळात केवढं बंड केलंय शिंप्यानं."

"बंड कसलं, बाई," रफूताई म्हणाली. "ढोल वाहून माणसाचा खांदा उतरला होता."

डिझायनर गोड हसली आणि वहीत लिहिलं, 'बंड'.

तिला माझा खाका हवा होता, म्हणजे सगळ्या शिवणी उसवून एकेक तुकडा कागदावर ठेवून आखायचा. संग्रहालयाच्या साहेबांनी परवानगी दिली. तिच्या फॅशन शोच्या पत्रिकेत त्यांचं नाव छापणार होते ना. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

रफूताईनं एकच अट घातली. "माझी नोकरी चार महिने उरलीय. हा जुना टाका इथं दुसऱ्या कुणाला येत नाही. मी आहे तोवर परत आणा, मी जोडून देते."

"दोन आठवड्यांत आणते, आजी."

"आजी तुझ्या घरी. तारीख लिही."

तारीख लिहिली. तिच्या कारखान्यात मला उसवलं, कापूस पिवळा पडलाय म्हणून केरात टाकला, आणि माझ्यावरून चाळीस कोट निघाले. शोमध्ये चांगल्या ताठ खांद्यांची पोरंपोरी ते घालून वाकडी चालली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही हसू आलं असतं, पण हसायला पोट लागतं. माझं उसवून दोन लिफाफ्यांत भरलं होतं.

तिकडे रफूताई रोज फोन करायची. "तुकडे आज येतील?" "पुढच्या आठवड्यात." असे चार महिने गेले. शेवटच्या दिवशी तिनं माझ्या रंगाचा दोरा टेबलावर काढून ठेवला आणि घरी गेली.

मी संग्रहालयात परत पोचलो सातव्या महिन्यात. साहेब म्हणाले, "जोडता कशाला? तुकड्यांतच कलात्मक दिसतं." काचेमागे मला टाचण्यांनी टोचलं. खाली पाटी लावली: बंडखोर कोट. ढोलवाल्याचं नावही नाही.

आज रफूताई तिकीट काढून आली. काचेला नाक लावून तिनं माझा एकेक तुकडा मोजला. मग राखणदाराला म्हणाली, "दादा, उघडता का जरा? दोन दिवसांचं काम आहे."

"काचेपासून लांब, आजी."

या वेळी ती भांडली नाही. नुसती मागं सरकली.

तुमच्या घरी कुणाच्या अंगाचं वळण धरून बसलेला एखादा वेडावाकडा कपडा असेल, तर त्यात कोण होतं ते आधी कुणाला तरी सांगून ठेवा. माझ्यात कोण होतं हे माहीत असलेली इथली एकमेव बाई आत्ता जिना उतरतेय, आणि मला हाक मारायला तोंड नाही.